मंडळाच्या पत्त्यावर आलेली पत्रे

माझी मावशी सव्वीस वर्षे एका महिला मंडळाची चिटणीस होती. मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशी मंडळे एके काळी प्रत्येक वाडीत आणि आळीत होती, काही अजूनही आहेत. चैत्रातले हळदीकुंकू, भोंडला, शिवणाचा वर्ग, वर्षातून एखादी सहल, कधी डॉक्टरबाईंचे व्याख्यान. मावशीच्या कपाटात दोन फायली असत. एकीवर 'जमाखर्च' लिहिलेले होते, दुसरीवर 'पत्रव्यवहार'. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा जमाखर्चाची फाईल जपून ठेवली गेली, कारण हिशेब कोणी ना कोणी विचारतो. पत्रव्यवहाराची फाईल रद्दीत गेली. ती बांधून द्यायला मीच मदत केली होती. त्या वेळी मला काहीच वाटले नाही.

वाटायला लागले ते चार वर्षांनी. फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हिरव्या पाठीचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले: 'मॅटर्निटी: लेटर्स फ्रॉम वर्किंग विमेन'. मूळ पुस्तक १९१५ सालचे, माझ्या हाती आलेली आवृत्ती १९७८ची. इंग्लंडमधल्या एका स्त्री-संघटनेच्या सभासदांनी आपल्या संघटनेला लिहिलेली १६० पत्रे त्यात आहेत. विषय एकच: बाळंतपण. मी इंग्रजी साहित्य कॉलेजात शिकलेले नाही. शब्दकोश शेजारी ठेवून, मागेपुढे जात, ते पुस्तक वाचायला मला एक पावसाळा लागला. नंतर त्याच संघटनेचे १९३१चे दुसरे पुस्तक मिळवले आणि त्या दोन्हींच्या भोवतीचे जे सापडले ते वाचत गेले. या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. पत्राचे मोल ठरवताना ते कोणी लिहिले हे आपण पाहतो. ते कोणाला लिहिले होते हे विसरतो. या पत्रांच्या बाबतीत ही चूक मोठमोठ्या माणसांनी केली आहे, आणि रद्दी बांधताना मीही केली.

दुकानाच्या माडीवरचे मंडळ

इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेल गावी कामगारांनी सहकारी दुकान काढले, तिथून ग्राहक-सहकाराची चळवळ पसरली. आपल्याकडच्या ग्राहक भांडारांचे हे दूरचे पूर्वज. दुकान सभासदांच्या मालकीचे, आणि जेवढी खरेदी तेवढा नफ्यातला वाटा परत. पण बहुतेक ठिकाणी सभासद नवरा, आणि पिशवी घेऊन दुकानात जाणारी बायको. चळवळ जिच्या खरेदीवर चालत होती तिला सभेत जागा नव्हती.

१८८३च्या जानेवारीत 'को-ऑपरेटिव्ह न्यूज' या साप्ताहिकात ॲलिस ॲकलंड या बाईंनी स्त्रियांसाठी एक सदर सुरू केले. खरेदी करा, एवढेच आपल्याला सांगितले जाते. त्यापलीकडे आपण काही करायचे की नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. त्यावर ठिकठिकाणच्या बायकांची पत्रे आली. वुलिच इथल्या मेरी लॉरेन्सन त्यांपैकी एक. त्याच वर्षी एडिनबरोच्या सहकारी परिषदेत स्त्रियांची संघटना स्थापन झाली आणि पुढे तिला 'विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड' हे नाव मिळाले. म्हणजे ही संघटना जन्मलीच पत्रांतून. आधी पत्रे लिहिली गेली, मंडळ मागाहून आले.

गिल्डच्या शाखा गावोगावी आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात निघाल्या. शाखेची सभा बहुधा आठवड्याला, सहकारी दुकानाच्याच एखाद्या खोलीत. सभासद म्हणजे गिरणीकामगारांच्या, खाणकामगारांच्या, रेल्वेत काम करणाऱ्यांच्या बायका. अध्यक्ष त्यांच्यातली, चिटणीस त्यांच्यातली, खजिनदारही त्यांच्यातलीच. ज्या बाईने घराबाहेर कधी तोंड उघडले नव्हते ती इथे निबंध लिहून वाचून दाखवू लागली, इतिवृत्त लिहू लागली, ठराव मांडू लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सभासदांची संख्या सुमारे ३२,००० झाली होती.

१८८९ ते १९२१ अशी बत्तीस वर्षे मार्गारेट लुएलिन डेव्हिस या गिल्डच्या सरचिटणीस होत्या. धर्मगुरूची मुलगी, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकलेली, अविवाहित. वडिलांची नेमणूक उत्तरेला कर्बी लॉन्सडेल या लहान गावी झाली, तेव्हा गिल्डचे कार्यालयही त्या घरात गेले आणि १९०८पर्यंत तिथेच राहिले. देशभरच्या शाखांचा कारभार एका आडगावच्या घरातून चालायचा तर तो टपालानेच चालणार. शाखांना प्रश्नावल्या जात, उत्तरे येत, उत्तरांवरून पुढचे पत्रक निघे. लिलियन हॅरिस त्यांच्या मदतनीस होत्या. मला हे वाचताना मावशीचे स्वयंपाकघरातले टेबल आठवले. जेवणे उरकली की त्यावरचे मेणकापड पुसून ती पोस्टकार्डे लिहायला बसायची.

सहाशे बायकांना विचारलेले प्रश्न

१९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यात बाळंतपणासाठी ३० शिलिंगांची तरतूद झाली, त्यामागे गिल्डचाही रेटा होता. पण विमा नवऱ्याच्या नावे असेल तर पैसे नवऱ्याच्या हाती जात. हे पैसे बाईचे आहेत आणि तिलाच मिळाले पाहिजेत, अशी मोहीम गिल्डने चालवली. त्यात कामगार पुरुषांचा अपमान होतो असे म्हणणारे निघालेच. तरी १९१३ साली कायदा दुरुस्त झाला. त्यानंतर गिल्डने पुढची मागणी मांडली: बाळंतपणाआधी आणि नंतर आईची काळजी घेण्याची सार्वजनिक व्यवस्था हवी. ही मागणी कशासाठी, हे दाखवायला पुरावा हवा होता. म्हणून गिल्डच्या आजी-माजी सुमारे सहाशे पदाधिकाऱ्यांना पत्रे गेली. तुमचा अनुभव लिहा, असे सांगितले होते आणि सोबत मोजके प्रश्न होते. मुले किती झाली, किती अंतराने झाली, पाच वर्षांच्या आत कोणी गेले का, मृत जन्मली का, गर्भपात झाले का.

उत्तरादाखल ३८६ पत्रे आली. त्यांतल्या १६० पत्रांचे पुस्तक झाले. नावे गाळली, गावे गाळली. प्रत्येक पत्राला आकडा आणि मथळा दिला. पत्राच्या शेवटी नवऱ्याचा पगार, मुलांची संख्या, मृत जन्म आणि गर्भपात, एवढे एका ओळीत.

पुस्तकातली एक गणती अशी आहे: ३४८ मातांची १,३९६ मुले जिवंत जन्मली, ८३ मृत जन्मली आणि २१८ गर्भपात झाले. या बायका कामगारवर्गातल्या त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या होत्या, कारण सहकारी दुकानाचे सभासद व्हायला थोडे तरी स्थैर्य लागे. बऱ्या स्थितीतल्यांची ही गोष्ट, तर बाकीच्यांची काय असेल, हा प्रश्न पुस्तक वाचकावर सोडते.

पत्रांत काय आहे? कळा सुरू होईपर्यंत कपडे धुणे आणि इस्त्री करणे. तिसऱ्या दिवशी उठून कामाला लागणे, आणि त्याचे जन्मभर शरीरात राहिलेले दुखणे. सुईणीचे पैसे साठवण्यासाठी घरखर्चातून केलेली चोरटी काटकसर. तिचा भार नवऱ्याच्या ताटावर किंवा मुलांच्या ताटावर पडत नाही, आपल्या ताटावर पडतो. लग्नाच्या वेळी काहीही ठाऊक नसणे, आणि आईने काही न सांगितल्याबद्दल मनात राहिलेला सल. लागोपाठची बाळंतपणे. गर्भ राहू नये किंवा राहिलेला पडावा म्हणून घेतलेल्या औषधांचे दबक्या आवाजातले उल्लेख. नवऱ्याचा कायदेशीर हक्क आणि त्यापुढे बाईच्या थकलेल्या देहाला नसलेला नकार.

मला सर्वांत जास्त थांबवले ते पत्रांच्या सुरुवातींनी. आपण नशीबवान आहोत, आपल्याला इतरांइतका त्रास झाला नाही, असे कितीतरी जणी आधी सांगतात आणि मग जे लिहितात ते वाचवत नाही. आपला नवरा चांगला होता, हेही आवर्जून सांगितलेले असते. हा सूर मराठी वाचकाला अनोळखी नाही. आपल्या आज्या आणि आत्या दुखण्याचे सांगायला बसल्या की पहिले वाक्य "तसं काही नाही गं" हेच असते. ते खोटे नसते. इतरांचे दुःख आपल्याहून मोठे मानण्याची ती रीत आहे, आणि तिच्या आडून आपलेही सांगून टाकायची वाट आहे.

पण घरात सांगणे आणि मंडळाला लिहिणे यांत फरक आहे. या बायका पदाधिकारी होत्या, हे विसरून चालणार नाही. इतिवृत्त लिहिण्याचा सराव त्यांच्या हातात होता. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले, किती पैसे लागले, किती दिवस लागले, हे त्या नेमके मांडतात. दुःखाचे वर्णन फारसे नसते, हिशेब असतो. शेवटी बऱ्याच जणी स्वतःपासून दूर होऊन सांगतात की अशा प्रसंगी बाईला अमुक मदत मिळायला हवी. व्यक्तिगत पत्र ठरावाच्या दिशेने वळते. हे वळण मी इतर कुठल्याही पत्रसंग्रहात पाहिलेले नाही, आणि माझ्या मते हेच या पत्रांचे वाङ्मयीन वैशिष्ट्य आहे. लिहिणारीला ठाऊक आहे की पलीकडे वाचणारी आपल्यासारखीच सभासद आहे. तिच्यापुढे रडून दाखवावे लागत नाही, लाजावे लागत नाही आणि विनवणीही करावी लागत नाही.

मंत्र्यांचे वाचन

पुस्तकाला प्रस्तावना आहे हर्बर्ट सॅम्युएल यांची. ते त्या वेळी सरकारात होते आणि त्याआधी सार्वजनिक आरोग्याचे काम पाहणाऱ्या लोकल गव्हर्न्मेंट बोर्डाचे प्रमुख राहिले होते. त्यांची प्रस्तावना सहानुभूतीची आहे, आणि त्यांनी ती लिहिल्यामुळे पुस्तकाला वजन आले हेही खरे. पण त्यांची काळजी राष्ट्राच्या लोकसंख्येची आहे. राष्ट्राराष्ट्रांच्या चढाओढीत माणसांची संख्या महत्त्वाची, आणि ती अर्भके वाचली नाहीत तर देशाचे नुकसान, हा त्यांचा युक्तिवाद. साल १९१५ आहे, आघाडीवर रोज तरुण मरत आहेत, हे लक्षात घेतले की या युक्तिवादाची धार कळते.

पत्रे लिहिणाऱ्या बायकांपैकी कोणी राष्ट्राला सैनिक पुरवण्यासाठी आपले बाळंतपण सांगितले नव्हते. आपल्याला विश्रांती हवी होती, दूध हवे होते, सुईणीचे पैसे हवे होते, कधी कधी आणखी मूल नको होते. शेवटची गोष्ट तर राष्ट्राच्या गणिताच्या थेट विरुद्ध जाते. एकाच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर एक मागणी आहे आणि आतल्या पानांवर दुसरी.

डेव्हिसबाईंना हे दिसत नसेल असे मला वाटत नाही. त्या मुरब्बी होत्या. मंत्र्याला त्याच्या भाषेत पटू द्यावे आणि पत्रे त्यांच्या भाषेत बोलू द्यावीत, असा त्यांचा हिशेब असावा. तो बऱ्याच अंशी जमला. १९१८ साली माता व बालकल्याणाचा कायदा झाला. पण ओशाळे होऊन मागणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. घटस्फोटाचा कायदा बायकांनाही सोपा आणि समान व्हावा, अशी साक्ष गिल्डने १९१० साली शाही आयोगापुढे दिली होती, तीही सभासदांकडून माहिती गोळा करून. त्या भूमिकेवरून सहकारी चळवळीच्या मध्यवर्ती संस्थेने गिल्डचे वर्षाला ४०० पौंडांचे अनुदान थांबवले. चार वर्षे ते मिळाले नाही. गिल्डने भूमिका सोडली नाही. सभासदांच्या पत्रांवर उभी असलेली संघटना सभासदांना तोंडघशी पाडू शकत नव्हती, एवढेच याचे कारण मला दिसते.

कादंबरीकाराचे वाचन

दुसरे पुस्तक 'लाइफ ॲज वी हॅव नोन इट'. १९३१ साली हॉगार्थ प्रेसने काढले. यात बाळंतपणापुरते बंधन नाही. सभासद बायकांनी आपापले आयुष्य लिहिले आहे. इथे नावे आहेत. सुईणीचे काम केलेल्या मिसेस लेटन आपल्या सत्तर वर्षांच्या आठवणी सांगतात. मिसेस बरोज लहानपणी शेतावर केलेल्या मजुरीबद्दल लिहितात. मिसेस स्कॉट टोप्यांच्या कारखान्यात काम केलेल्या. हॉगार्थ प्रेस व्हर्जिनिया वुल्फ आणि लिओनार्ड वुल्फ यांचा. सुरुवातीला प्रस्तावनेच्या जागी व्हर्जिनिया वुल्फने डेव्हिसबाईंना लिहिलेले एक लांब पत्र आहे. आपल्याकडे 'अ रूम ऑफ वन्स ओन'ची लेखिका म्हणून वुल्फ पुष्कळ वाचली जाते. हे पत्र फार कमी लोक वाचतात. दोन्हींमध्ये वर्षा-दोन वर्षांचेच अंतर आहे.

वुल्फचा गिल्डशी संबंध वरवरचा नव्हता. १९१३ साली न्यूकॅसलला झालेल्या गिल्डच्या परिषदेला ती गेली होती. पुढे १९१६पासून काही वर्षे रिचमंडच्या तिच्या घरी गिल्डच्या शाखेच्या सभा भरत आणि वक्ते शोधण्याचे काम ती करी. तरी पत्रात ती मोकळेपणाने कबूल करते की परिषदेत आपण पाहुण्यासारख्या बसलो होतो. पाच पाच मिनिटांत एकेक प्रतिनिधी उठून बोलत होती: घटस्फोट, किमान वेतन, बाळंतपण. यांतली प्रत्येक मागणी मान्य झाली तरी आपल्या सुखवस्तू आयुष्यात काही फरक पडणार नाही, हे तिला तिथे बसल्या बसल्या जाणवले. अशी सहानुभूती पोकळ असते, असेही ती म्हणते. समीक्षकाने स्वतःच्या खुर्चीबद्दल इतके खरे बोललेले मी क्वचित वाचले आहे.

पण लेखनाविषयी बोलताना तिचा हात आखडतो. साहित्याचा समीक्षक म्हणेल की या लेखनात अलिप्तता नाही, कल्पनेचा विस्तार नाही, जीवनाकडे एकूण पाहणे नाही, असा तिचा सूर आहे. मग ती तो सूर सावरते. हे सगळे स्वयंपाकघरात, कामांच्या मधल्या फटींत लिहिले गेले आहे याची आठवण करून देते, आणि काही ठिकाणी या बायकांचे शब्द किती नेमके पडले आहेत याकडे बोट दाखवते. या पत्राचा पहिला खर्डा अमेरिकेतल्या 'येल रिव्ह्यू'त १९३० साली छापून आला होता. तो गिल्डच्या मंडळींनी वाचला तेव्हा काही वर्णने त्यांना खटकली. वुल्फने पुस्तकासाठी मजकूर बदलला. हीसुद्धा या पत्रव्यवहारातलीच एक घटना मानली पाहिजे. ज्यांच्यावर लिहिले त्यांनी लेखिकेला दुरुस्त केले, आणि ती दुरुस्त झाली.

तरीही माझा वुल्फशी मतभेद उरतो. अलिप्तता नाही, हा दोष तिने साहित्याच्या मापाने काढला. तिच्यापुढे आत्मचरित्राचा, निबंधाचा, कादंबरीचा नमुना आहे. एकटी लेखिका, तिची खोली, आणि अनोळखी वाचक. गिल्डच्या बाईपाशी यांतले पहिले दोन नव्हते आणि तिसरा तिला नको होता. तिचा वाचक ओळखीचा होता. ओळखीच्या माणसाला लिहिताना आपण प्रस्तावना करत नाही, पार्श्वभूमी रंगवत नाही, विचारांची भरारी मारत नाही. जे दोघींनाही ठाऊक आहे ते गाळतो. वुल्फला जी पोकळी वाटली ती कित्येकदा ही गाळलेली जागा आहे. कामाच्या दिवसाचे वर्णन सभासदाला कशाला सांगायचे? तिचा दिवस तसाच गेलेला असतो.

माझ्या मताला एक अडचण आहे, ती लपवत नाही. 'मॅटर्निटी'मधली पत्रे मुळातच पुरावा म्हणून मागवलेली होती. प्रश्न ठरवणारी डेव्हिसबाई, निवडणारी डेव्हिसबाई, मथळे संपादकांचे. मग ही पत्रे 'सभासदाने सभासदाला' लिहिलेली कशी? पदवीधर सरचिटणीस आणि गिरणीकामगाराची बायको यांत अंतर नव्हते असे कोण म्हणेल? अंतर होते. नावे गाळल्याने बायका सुरक्षित राहिल्या, पण त्यांचे श्रेय गेले. पगाराच्या आणि मृत मुलांच्या ओळीने प्रत्येक पत्र तक्त्यातली नोंद होऊन बसते. तरीही मी माझे म्हणणे सोडत नाही, कारण पत्रांतच त्याचा पुरावा आहे. विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे चार ओळींत संपतात. बायकांनी पानेच्या पाने लिहिली. ती वरची पाने कोणी मागितली नव्हती. तेवढे लिहायचा विश्वास त्यांना मंडळाच्या पत्त्याने दिला.

आपल्याकडचे दोन पत्ते

हे सारे वाचताना मन आपल्याकडे वळल्याशिवाय राहत नाही. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली झाला, हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. आसवले यांनी १९२८ साली ते विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि डॉ. आंबेडकरांनी त्या वर्षीच्या जुलैत त्याच्या बाजूने भाषण केले. इंग्लंडातल्या बायका ज्याच्यासाठी लिहीत होत्या तोच विषय, चौदा-पंधरा वर्षांच्या अंतराने, गिरणगावात. पण गिरणीत काम करणाऱ्या बाईला बहुधा अक्षर येत नव्हते आणि तिच्यापाशी दुकानाच्या माडीवरची खोलीही नव्हती. तिचे म्हणणे आपल्यापर्यंत येते ते डॉक्टरांच्या पाहणीतून, सरकारी अहवालातून, सदस्यांच्या भाषणातून. कायदा मिळाला. पत्र मात्र उरले नाही.

दुसरा पत्ता र. धों. कर्व्यांचा. १९२७च्या जुलैपासून १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' निघत होते. संततिनियमन आणि कामजीवनाविषयी वाचक त्यांना प्रश्न पाठवत आणि ते छापील उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला तेव्हा कर्व्यांची बाजू मांडायला आंबेडकर उभे राहिले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. घरात कोणापुढे बोलता येणार नाही ते या मासिकाला लिहिता येत होते. मराठी समाजाच्या अंतरंगाचा तो अमोल ठेवा आहे. पण त्या पत्रांचा वाचक तज्ज्ञ होता. लिहिणारा एकटा, विचारणारा. कर्वे जाणते, सांगणारे. त्यामुळे ती पत्रे प्रश्नचिन्हावर संपतात. गिल्डची पत्रे मागणीवर संपतात. संततिनियमनाच्या माहितीची मागणी गिल्डने १९२३च्या आपल्या परिषदेत उघडपणे केली. तिची पूर्वतयारी १९१५च्या त्या दबक्या उल्लेखांत झालेली होती. तज्ज्ञाला लिहिलेल्या पत्राने लिहिणाऱ्याची अडचण सुटते. मंडळाला लिहिलेल्या पत्राने, सुटलीच तर, सगळ्यांची सुटते. दोन्ही पत्त्यांची गरज असते. आपण पहिला सांभाळला, दुसऱ्याकडे बघितलेही नाही.

मंडळाच्या पत्रांना आपल्या समीक्षेत नाव नाही. थोरामोठ्यांचा पत्रव्यवहार आपण छापतो, त्याला टिपा जोडतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मंडळाच्या फायलीत माहिती दिसते, साहित्याच्या अभ्यासकाला तीही दिसत नाही. पण शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेले, "सौ. चिटणीस यांस" अशा मायन्याचे, हॉलच्या भाड्यापासून सुरू होऊन भलत्याच ठिकाणी पोहोचणारे पत्र हाही एक लेखनप्रकार आहे. त्याचे संकेत आहेत, त्याची गाळलेली जागा आहे, आणि ती कशी वाचायची हे शिकावे लागते. वुल्फसारखी वाचकही तिथे अर्ध्यावर अडखळली, तर आपण शिकल्यावाचून ते येईल असे मानू नये.

फाईल

गिल्ड २०१६ साली बंद झाले, १३३ वर्षांनी. त्याची कागदपत्रे ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत जपलेली आहेत.

'मॅटर्निटी' वाचून झाल्यावर मी मावशीकडे गेले. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारले, त्या पत्रव्यवहाराच्या फाईलमध्ये काय होते? ती म्हणाली, "काही नाही गं. पालिकेला लिहिलेली पत्रं, नळाची. पाहुण्यांची आभाराची पत्रं." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि बायकांच्या चिठ्ठ्या." कसल्या चिठ्ठ्या? "न येण्याच्या. सभेला येता येणार नाही, म्हणून." मंडळाचा नियम होता: सभेला गैरहजर राहायचे तर चिठ्ठी पाठवायची आणि कारण लिहायचे. कोणाच्या सासूबाई पडलेल्या, कोणाचे दिवस गेलेले, कोणाला नवऱ्याने नको म्हटलेले. एक बाई तर दर वेळी चिठ्ठीच पाठवायची आणि दर वेळी दोन पाने लिहायची, सभेला मात्र कधी आली नाही. "मी उत्तर द्यायची तिला," मावशी म्हणाली. "कोणी वाचतंय एवढं तिला कळावं म्हणून."

सव्वीस वर्षांच्या त्या चिठ्ठ्या मी सुतळीने बांधून किलोच्या भावाने दिल्या. त्याची भरपाई होणार नाही. पण ओळखीच्या तीन मंडळांकडे मी आता फायली मागितल्या आहेत, आणि दोघांनी शोधतो म्हटले आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी एखाद्या मंडळाची चिटणीस असेल, तर तिच्या कपाटातली दुसरी फाईल उघडून पाहावी. निदान जमाखर्चाच्या शेजारी तिला जागा द्यावी.